सहा बोल्टांवरची पिवळी रेघ

डिकीचं झाकण लावण्याआधी डोलोरेसनं वाकून विचारलं, "आत मेलास तर कुणाला कळवू?"

"कुणालाच नको," मी म्हणालो. "तशीच विकून टाक. माझ्यासकट."

"ऑस्टरहाउट घ्यायचा नाही. त्याला बिनआवाजाची गाडी हवीय, आणि तू घोरतोस. लिओ सांगायचा."

झाकण आदळलं आणि अंधार झाला. एका कुशीवर, गुडघे पोटाशी, डोकं चाकाच्या फुगवट्याला टेकलेलं, खाली डोलोरेसची जुनी गोधडी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसानं अशा आसनात पडू नये. पण मागचा आवाज पुढे बसून कधी सापडत नाही. तो पत्र्यातून धावतो, छपरावर चढतो, आणि मागे डाव्या बाजूला जन्मलेला आवाज चालवणाऱ्याला उजव्या कानाशी ऐकू येतो. त्यासाठी आत शिरावं लागतं. आधी डिकी मोकळी करायची: जादा चाक बाहेर, जॅक आणि त्याचा दांडा बाहेर, कारण निम्मे आवाज जॅकचेच असतात आणि त्यावर भले भले फसतात. ते सगळं आम्ही सकाळी काढून गॅरेजच्या जमिनीवर मांडलं होतं. मोटारींच्या कंपनीत एकतीस वर्षं मी हेच केलं. शेवटच्या फाटकातून गाडी बाहेर पडण्याआधी आत बसून, आडवं होऊन, उलटं लोंबकळून ऐकायचं. मला तिथं व्हर्न म्हणत नसत, 'कान' म्हणत. "कानाला बोलवा." मी यायचो, डोळे मिटायचो, आणि बोट ठेवायचो. बोट चुकलं असं एकतीस वर्षांत तीनदा झालं. तिन्ही तारखा मला पाठ आहेत. आणखी एक चौथी आहे, ती त्यांत धरलेली नाही, कारण ती कंपनीतली नव्हती. माणूस स्वतःशी असा हिशेब करतो तेव्हा समजावं की कुठंतरी गळती आहे.

गाडी लिओची. माझा धाकटा भाऊ, डोलोरेसचा नवरा. एप्रिलमध्ये गेला, नाश्त्याच्या टेबलावर, चमचा हातात असताना. गाडी अडुसष्ट सालची, दोन दारांची, गडद हिरवी, ट्रकला पुरेल एवढं इंजिन पुढे आणि मागे घोडागाडीला शोभतील असे कमानपाटे. आमच्या वायनडॉटमध्ये तिला सगळे ओळखतात, रंगावरून कमी आणि आवाजावरून जास्त. गेल्या रविवारी ग्रँड रॅपिड्सहून ऑस्टरहाउट नावाचा गृहस्थ येऊन चालवून गेला. रुळांच्या फाटकावर मागून 'कुर्र-ठक्' झालं, तसा तो म्हणाला, आवाज काढा, शनिवारी दुपारी येऊन घेऊन जातो. नाहीतर राहू द्या. डोलोरेसला महिनाअखेर टेनेसीला बहिणीकडे जायचंय, घर विकून झालंय, आणि नवा मालक म्हणतो की गॅरेज रिकामं हवं. म्हणून तिनं मला फोन केला. नऊ वर्षांत ती माझ्याशी दोनदा बोलली होती, दोन्ही वेळा कुणाच्या तरी प्रेतापाशी. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आवाज शोधायचाय. तू शोधशील का, की हार्लनला विचारू?" हार्लन हा आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातला, ज्याला बेडकाचं ओरडणं आणि बेअरिंगचं ओरडणं यातला फरक कळत नाही. तिला ठाऊक होतं की हे नाव काढलं की मी येणार.

आता ज्यासाठी मी आलो ते सांगतो. अकरा वर्षांपूर्वी या गाडीचे मागचे पाटे मी बसवले. पाट्याच्या पुढच्या टोकाला एक बोल्ट, मागच्या टोकाला दोन. दोन्ही बाजूंचे मिळून सहा. तीन आठवड्यांनी लिओ म्हणाला, मागून आवाज येतोय. मी म्हणालो, येत नाही. तो म्हणाला, येतोय, आणि तुझ्या बोल्टांतून येतोय. मी म्हणालो, तुझ्या कानांतून येतोय. हा वाद दोन वर्षं चालला, आणि त्यापुढे नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. आज आवाज त्या बोल्टांचा निघाला नाही तर ती नऊ वर्षं लिओच्या नावावर. निघाला तर माझ्या. मधली जागा नाही, मी शोधून पाहिलीय.

गाडी निघाली. डोलोरेस गियर बदलते तशी कुणी माणसाची मान पिरगाळू नये. ओक स्ट्रीटवर पहिली काही मिनिटं फक्त इंजिन, सायलेन्सरचा घुमारा, टायरची एकसुरी सरसर. मी एकेकाला ओळखून बाजूला काढत गेलो, कंपनीत करायचो तसं. सायलेन्सरचा हुक: नाही, तो नवा आहे, लिओनं रबरात बसवलाय. शॉकअप: खड्ड्यातून वर येताना दोनदा ठोकतात, हा एकदाच. धुऱ्याचं बेअरिंग: वळताना ओरडलं असतं. डोलोरेसनं वळण घेतलं, मी गोधडीसकट डावीकडून उजवीकडे गेलो, बेअरिंग गप्प. मागच्या सीटच्या पलीकडून तिचा आवाज आला, "जिवंत आहेस?" मी पत्र्यावर एकदा टकटक केली. आम्ही ठरवलं होतं: एकदा म्हणजे चालू दे, दोनदा म्हणजे थांब.

अंधारात लिओचा वास होता. म्हणजे लिओचा नव्हे, त्याच्या कामाच्या डगल्याचा, ग्रीस आणि पेपरमिंट. तो प्रेसखात्यात होता, तिथं पत्र्याचे दरवाजे ठोकून काढतात, आणि ठोकणाऱ्यांच्या कानांचंही तेच होतं. डावा कान त्याचा पंचेचाळिशीतच गेला. पेपरमिंट चघळायचा, कारण दाढ हलली की उजव्या कानाला बरं ऐकू येतं अशी त्याची समजूत. माझी आई म्हणायची, एका घरात देवानं एकाला दोघांचे कान दिले. ती हे कौतुकानं म्हणायची, आणि लिओ समोर बसलेला असायचा, चघळत. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कौतुक माझं होतं.

मग फाटक आलं. पुढची चाकं रुळांवरून गेली, मागची चढली, पाटे दबले, सुटले, आणि माझ्या डाव्या खांद्याखाली, वीतभर अंतरावर, 'कुर्र' आणि मग 'ठक्'. रबर पिळून पिळून शेवटी एकदम सुटतं तो आवाज. पुन्हा दुसऱ्या रुळावर, तसाच. मला अर्धं मिनिटही लागलं नाही. खरं तर पाव सेकंद. कानाला विचारायचीही गरज नव्हती, खांद्यालाच कळलं. दोनदा टकटक करायला हवं होतं. मी एकदा केली. डोलोरेसनं गाडी चालू ठेवली, नदीच्या दिशेनं, आणि मी अंधारात पडून राहिलो.

पाट्याच्या टोकाला रबराचं बुश असतं आणि त्यातून बोल्ट जातो. बोल्ट आवळला की रबर जिथल्या तिथं पकडलं जातं. म्हणून तो आवळायचा गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, तिचं सगळं वजन पाट्यांवर असताना. गाडी उचलायच्या लिफ्टवर चाकं लोंबत असताना आवळलात तर रबर लोंबत्या स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली टेकली की ते जन्मभर पिळलेलं राहतं. उभं असताना पिळलेलं, धावताना आणखी पिळलेलं. हे मी अर्ध्या परगण्याला शिकवलंय. "आधी वजन, मग पाना," हे वाक्य क्लबाच्या भिंतीवर माझ्या नावानं लावलंय. हे वाक्य ज्याचं, तो हे कसं विसरेल? कुणालाही हाच प्रश्न पडला असता, आणि याच प्रश्नाच्या आड मी अकरा वर्षं बसलो.

विसरलो नव्हतो. त्या दिवशी क्लबाच्या लिफ्टभोवती आठ जण होते, हार्लनच्या हातात घड्याळ, आणि पैज अशी की कान तासाभरात दोन्ही पाटे बदलतो का. मी बावन्न मिनिटांत बदलले. चाकं लोंबतच होती. सहाही बोल्ट आवळले, आणि कंपनीतल्या सवयीनं खिशातली पिवळ्या रंगाची पेन्सिल काढून प्रत्येक बोल्टवर रेघ ओढली, बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत सरळ. ही रेघ म्हणजे सही: हा मी आवळला, पुन्हा पाहू नका. बोल्ट केसभर जरी फिरला तर रेघ तुटते आणि कळतं. मनात होतं की गाडी खाली उतरवू, सहाही ढिले करू, वजनावर पुन्हा आवळू. पण टाळ्या पडल्या. हार्लन ओरडला, "बावन्न!" कुणीतरी खसखशीचा रोल पुढे केला. आठ जणांसमोर परत खाली शिरून स्वतःचीच रेघ तोडायची? लिओ माझी पाठ थोपटत होता. त्यालाही अभिमान वाटत होता, हे मला नंतर आठवलं. घरी जाताना याच फाटकावर माझ्या स्वतःच्या गाडीत, जिच्यात काहीच वाजत नव्हतं, मला ते आठवलं. उद्या सांगतो, म्हटलं. उद्या रविवार होता.

आणि तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा मी 'येत नाही' म्हणालो. पहिल्यांदा तेवढंच. हे एवढं छोटं होतं. त्यानं शॉकअप बदलले. धुऱ्याची बेअरिंगं बदलली. सायलेन्सर नवा, हुक नवे, डिकीतल्या पत्र्यांचे सांधे नव्यानं वेल्ड केले. दोन वर्षं. दर वेळी मी विचारायचो, "गेला का?" आणि मनात प्रार्थना करायचो की गेला म्हणावा, कारण आवाज कधी कधी दया करतात. मग क्लबाच्या शनिवारच्या नाश्त्याला, सगळ्यांसमोर, अंडी चिवडत तो म्हणाला, "व्हर्न, मला वाटतं बोल्ट लोंबत्या गाडीवर आवळले गेलेत." बस्स एवढंच, हळू, जवळजवळ माफी मागितल्यासारखं. मी म्हणालो, "प्रेसखात्यातला बहिरा मला आवाज ऐकवतोय!"

आठ जण हसले. मी मोजले होते. मोजायची सवय वाईट. हसणं विरून जातं पण आकडा राहतो. लिओ हसला नाही, त्यानं चघळणं थांबवलं. पुढच्या शनिवारी कुणीतरी त्याच्या चाकाच्या टोपीत खडे भरले. तो बिचारा चार दिवस नवा आवाज शोधत हिंडला, आणि सापडल्यावर सगळ्या क्लबानं टेबल बडवलं. खडे मी भरले नव्हते. कल्पना माझी होती. हेही या खात्यात लिहायला हवं, आता अंधारात कोण वाचतोय.

गाडी परत गॅरेजशी येऊन थांबली. झाकण उघडलं आणि उजेड डोळ्यांत घुसला. डोलोरेस कमरेवर हात ठेवून उभी. "काय?"

"खालून बघावं लागेल."

"बघ की. मी कॉफी करते. दूध संपलंय, काळी पी."

आम्ही मागची चाकं लाकडी उतरत्या ठोकळ्यांवर चढवली, म्हणजे गाडी उभी स्वतःच्या वजनावर आणि खाली माणूस शिरेल एवढी जागा. पाठीवर पडून सरकत गेलो. दिवा वर केला. लिओ कामात स्वच्छ होता, हे कबूल करायला हवं. सगळं नवं, पुसलेलं, जिथं रंग हवा तिथं रंग. गेल्या अकरा वर्षांत या गाडीच्या पोटातला प्रत्येक सुटा भाग त्यानं काढून पुन्हा बसवला होता. आणि त्या सगळ्या नव्यात सहा जुने बोल्ट, गंज धरलेले, आणि प्रत्येकावर पिवळी रेघ. सरळ, अखंड. एकही केसभर हललेली नाही. मी दिवा एकेका बोल्टवर नेला. पहिला, दुसरा, तिसरा. पलीकडे सरकलो. चौथा, पाचवा, सहावा. तो इतकं सगळं उचकटत या बोल्टांशी आला असेल, पाना हातात असेल, बोल्ट हाताला लागला असेल, आणि त्यानं हात मागे घेतला.

डोलोरेसचे पाय माझ्या डोक्याशी आले. जुने बूट, एका बुटाची नाडी काळी, एकाची तपकिरी. "सापडलं?"

"हे बोल्ट," मी म्हणालो. "यांना लिओनं हातच लावला नाही कधी."

"नाही लावला." कपबशीचा आवाज झाला, तिनं कॉफी बाकावर ठेवली. "टोलेडोच्या एका मेकॅनिकनं दाखवलं त्याला. सात वर्षं झाली. म्हणाला, मिस्टर सोबचॅक, दहा मिनिटांचं काम आहे, ढिले करतो, गाडी जमिनीवर हलवतो, पुन्हा आवळतो, तुम्ही पेपर वाचा. लिओ म्हणाला, राहू दे. ज्यानं आवळलेत तो येऊन ढिले करील."

मी खाली पडून होतो. खाली पडलेल्या माणसाला एक सोय असते, त्याचा चेहरा कुणाला दिसत नाही.

"सात उन्हाळे मी त्या आवाजात बसले, व्हर्न. चर्चला जाताना, बाजाराला जाताना. तुझ्या घरावरून जाताना तो मुद्दाम गाडी हळू करायचा, तुझ्या दारासमोरच्या रस्त्यातल्या त्या खाचेवरून न्यायचा. मी म्हणायचे, अरे, लहान पोरासारखं काय करतोस. म्हणायचा, ऐकू दे त्याला, त्याचे कान चांगले आहेत."

ऐकू यायचं. रविवारी, अकराच्या सुमारास. कुर्र-ठक्. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. मला वाटायचं तो मला हिणवतोय. आता ती म्हणते त्यावरून वाटतं की तो दार वाजवत होता. की दोन्ही? माझ्या भावाला दोन्ही एकाच वेळी करता यायचं, आईकडून आलेलं होतं ते. ती रेघ त्यानं मानानं सांभाळली की पुरावा म्हणून, हे मला आता कोण सांगणार? बोल्टवर तेवढं लिहिलेलं नसतं.

"मग तू तरी फोन करायचास," मी म्हणालो.

"मी का करू?" ती म्हणाली. "माझे बोल्ट होते का?"

पाना लावला. गंज करकरला आणि बोल्ट फिरला. रेघ तुटली: अर्धी बोल्टवर, अर्धी पट्टीवर, मध्ये अंगठ्याएवढं अंतर. एकेक करून सहाही. सहावा ढिला झाला तशी गाडी माझ्या छातीवर अर्धा इंच खाली आली. हळूच, कुणी बराच वेळ ताठ बसलेल्या माणसानं खुर्चीत पाठ टेकावी तशी. बाहेर येऊन मी मागून धरून तिला वरखाली हलवलं, तिला आपली जागा घेऊ दिली. बुशं चिरली होती, पण तुटली नव्हती. अजून चार-पाच वर्षं सहज काढतील. पुन्हा खाली शिरलो. वजनावर आवळले. घड्याळ पाहिलं नाही, पण दहा मिनिटंच लागली असतील. टोलेडोचा माणूस बरोबर बोलला होता.

हात खिशाकडे गेला. पिवळी पेन्सिल होती, असतेच. तुटलेल्या रेघांसमोर ती धरून मी थोडा वेळ पडून राहिलो. मग दुसऱ्या खिशातून चिंधी काढली, थिनरमध्ये बुडवली आणि सहाही बोल्ट पुसून काढले. नवी रेघ ओढली नाही. मला वाटलं, मी नम्रपणानं करतोय. खरं कारण मला दुपारी कळलं.

ऑस्टरहाउट बाराला पाच कमी असताना आला. उंच, गोरा, धुतलेल्या टोपीचा माणूस, मिशिगनच्या पश्चिमेकडचे असतात तसा, सगळ्याच गोष्टींबद्दल आभार मानणारा. त्यानं गाडी फाटकापर्यंत नेली, परत आणली, आणि उतरला तो हसतच. "वा! गेला की! मला तर वाटलं होतं सगळा मागचा भाग काढावा लागतो की काय. काय होतं हो?"

प्रश्न मला होता. डोलोरेस बाकाशी कागदांवर सही करत होती, तिचं पेन थांबलं. ती वर बघत नव्हती. तिनं मला एवढी जागा दिली, आयुष्यात पहिल्यांदा. दोन शब्द पुरेसे होते. 'माझी चूक.' मी तोंड उघडलं. आणि अकरा वर्षांचा सराव असलेल्या त्या तोंडातून बाहेर आलं, "काही विशेष नाही. डिकीत जॅक सैल होता. तोच वाजायचा."

"जॅक!" ऑस्टरहाउट खुश झाला. "बघा! आणि माणूस कुठं कुठं शोधत बसतो!"

"हो ना," मी म्हणालो. "भाऊ माझा जरा ऐकायला कमी होता. त्याला सापडला नाही."

हे दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं.

डोलोरेसनं सही पुरी केली. पेनाचं टोपण लावलं. मग ती गॅरेजच्या कोपऱ्यात गेली, जिथं सकाळी आम्ही दोघांनी मिळून जादा चाक आणि जॅक जमिनीवर काढून ठेवले होते, आणि ते तिथंच होते, फाटकापर्यंतच्या त्याच्या फेरीतही तिथंच होते, डिकी रिकामी. तिनं वाकून जॅक उचलला. जड असतो तो, मी पुढे झालो, तिनं मला कोपरानं बाजूला केलं. दोन्ही हातांनी तो ऑस्टरहाउटसमोर धरला.

"हा घ्या," ती म्हणाली. "नीट बांधून ठेवा. फार वर्षं वाजलाय."

त्यानं आभार मानले. तो जॅककडे बघत होता, बिचारा, आणि ती माझ्याकडे. रागानं नव्हे. राग असता तर मला पकडायला काहीतरी मिळालं असतं. घरातलं सगळं सामान बांधून झाल्यावर शेवटची एक फेरी मारताना माणूस रिकाम्या खोलीकडे बघतो, आपलं काही राहिलं नाही ना एवढंच बघायला, तशी ती बघत होती. मग म्हणाली, "कॉफी गार झाली तुझी," आणि आत गेली. दाराची कडी लागल्याचं मला ऐकू आलं. माझे कान चांगले आहेत.

हिरवी गाडी ओक स्ट्रीटवरून वळली. मी गॅरेजच्या दारात उभा राहून डोळे मिटले, कंपनीत मिटायचो तसे. इंजिनाचा घुमारा, दुसरा गियर, तिसरा. फाटकाशी त्यानं वेग कमी केला. पुढची चाकं रुळांवरून गेली. मग मागची. पहिला रूळ, दुसरा रूळ. मी श्वास धरून ऐकत होतो. एकदा तरी वाजेल म्हणून. काही वाजलं नाही.